इशाऱ्याची मात्रा

औषध शरीरात जाऊन काय करते याचा विचार वैद्यकशास्त्राने जितक्या बारकाईने केला आहे, तितक्या बारकाईने त्या औषधाविषयी रोग्याला सांगितलेले शब्द त्याच्या शरीरात काय करतात याचा विचार, निदान आपल्या रुग्णालयांच्या नित्य व्यवहारात तरी, झालेला दिसत नाही. औषध किती मिलिग्रॅम द्यावे, जेवणापूर्वी द्यावे की जेवणानंतर, मूत्रपिंड अधू असेल तर त्यात काट किती करावी, या सर्वांची कोष्टके तयार असतात. परंतु त्याच औषधाच्या संभाव्य उपद्रवांची हकीकत रोग्यापुढे कोणत्या शब्दांत, कोणत्या वेळी आणि कोणाच्या तोंडून ठेवावी याचे कोष्टक कोठेही टांगलेले नसते, आणि ते काम बहुधा खोक्यात घडी घालून कोंबलेल्या मुंगीअक्षरी पत्रकावर, नाही तर शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नातेवाइकांपुढे सरकवल्या जाणाऱ्या छापील संमतिपत्रावर सोपवून सगळे मोकळे होतात. माझे म्हणणे असे की, हा इशारा हाही चिकित्सेचाच एक घटक असून त्यालाही मात्रा असते. तो दडवून ठेवणे हा जसा अपराध, तसाच तो बेहिशेबी देणे हा निष्काळजीपणा होय.

या म्हणण्याला आधार कोणता, असे कोणी विचारील तर लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील संशोधकांनी केलेला आणि २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्याच्यापुढे ठेवता येईल. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन वर्गाची औषधे हृदयविकाराचा झटका टाळण्यास उपयोगी पडतात याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. तरीही अंग दुखते, पाय गळून जातात, थकवा हटत नाही अशा तक्रारी सांगून पुष्कळ माणसे ती मध्येच सोडून देतात. सुरुवातीच्या दोन आठवड्यांतच अशा कारणाने गोळी सोडलेले ६० रुग्ण या संशोधकांनी निवडले आणि प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या : चारांत स्टॅटिन, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी पण औषधाचा कणही नसलेली पोकळ गोळी, आणि उरलेल्या चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात कोणती बाटली उघडायची हा क्रम कोणाच्या मर्जीवर नव्हता, आणि हातातली गोळी खरी की पोकळ याचा पत्ता रुग्णाला लागू दिलेला नव्हता. आपल्या त्रासाला त्याने दररोज ० ते १०० यांच्या दरम्यानचे गुण द्यावयाचे होते. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत या गुणांची सरासरी ८ भरली, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे हे लोक सांगत होते तो त्रास खोटा नव्हता, गोळी घेऊ लागताच तो खरोखर दुपटीवर जात होता. परंतु या वाढीपैकी नऊ-दशांश वाटा गोळीतल्या द्रव्याचा नसून गोळी घेण्याच्या कृतीचा आणि त्या कृतीला चिकटलेल्या धास्तीचा होता. प्रत्येकाचे आकडे त्याच्या डोळ्यांपुढे ठेवल्यानंतर त्या ६० पैकी निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले, ही त्या प्रयोगाची मला सर्वांत मोलाची वाटणारी फलश्रुती.

चांगल्या अपेक्षेने रोग्याला बरे वाटते हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. वाईट अपेक्षेने त्याचे बिघडते, या उलट्या बाजूला वॉल्टर केनेडी यांनी १९६१ साली ‘नोसीबो’ हे नाव दिले. नाव अलीकडचे असले तरी अनुभव जुना आहे. १९४२ मध्येच हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी, मांत्रिकाच्या शापाने माणसे खंगून मरतात अशा देशोदेशींच्या हकीकती एकत्र करून, अनावर भीतीमुळे मज्जासंस्थेचा क्षोभ होऊन रक्ताभिसरण कोसळत असावे, अशी त्यांची मीमांसा केली होती. त्यांचा पुरावा प्रवाशांनी आणि मिशनऱ्यांनी कळविलेल्या गोष्टींचा असल्यामुळे त्यावर पुढे रास्त आक्षेपही आले. परंतु मूठ मारल्याच्या किंवा करणी केल्याच्या नुसत्या संशयाने धडधाकट माणूस अंथरूण धरतो, हे ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले आहे, तेथील वाचकाला मूळ मुद्दा पटवून देण्याची गरज पडू नये. महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, भूतपिशाच्चांना आवाहन करण्याची धमकी देऊन लोकांत घबराट माजविणे हा गुन्हा ठरविला. मंत्रात सामर्थ्य आहे असे हा कायदा मानीत नाही. भीतीत ते आहे हे मात्र तो जाणतो. मांत्रिकाच्या बाबतीत जे आपण कायद्याने मान्य केले ते डॉक्टर, औषधविक्रेता आणि वृत्तपत्र यांच्या बाबतीत मान्य करताना आपण कचरतो, कारण यांनी दिलेला इशारा खरा असतो. परंतु खऱ्या इशाऱ्यानेही अपाय होऊ शकतो, आणि म्हणूनच हा प्रश्न मांत्रिकाच्या प्रश्नाहून अवघड आहे.

हे सारे मनाचे खेळ आहेत असे म्हणून हात झटकण्याची सोय शरीरशास्त्राने आपल्याला ठेवलेली नाही. इटलीतील तुरीन येथील फाब्रिझिओ बेनेदेत्ती आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले आहे की, निरुपद्रवी द्रव्य देऊन ‘याने वेदना वाढेल’ एवढेच सांगितले असता वेदना वाढते, आणि प्रोग्लुमाइड नावाच्या औषधाने ही वाढ थोपवता येते. हे औषध कोलेसिस्टोकायनिन या शरीरातच उत्पन्न होणाऱ्या रसायनाची वाट अडविते. अर्थात चिंतेचे वेदनेत रूपांतर होण्याच्या कामी त्या रसायनाचा हात असतो. २०११ साली उल्रिके बिंगेल आणि सहकारी यांनी तर याहून विलक्षण गोष्ट नोंदली. २२ निरोगी स्वयंसेवकांना उष्णतेचे चटके देत असता त्यांच्या शिरेतून रेमिफेंटॅनिल हे अफूच्या वर्गातले प्रभावी वेदनाशामक सोडण्यात आले. औषध चालू असल्याचे त्यांना कळू दिले नव्हते तोवर वेदना थोडीशी उतरली. ते आता सुरू केले आहे असे सांगताच, मात्रा तीच असूनही, उतार दुपटीच्या वर गेला. आणि औषध थांबविले आहे, आता वेदना वाढण्याचा संभव आहे असे सांगितल्यावर, ते शिरेतून पूर्ववत वाहत असतानाच, वेदना जवळजवळ मूळच्या पातळीवर येऊन ठेपली. मेंदूच्या प्रतिमांतही हे फरक उमटलेले दिसले. धास्तावलेल्या रोग्याला दिलेले उत्तम औषधही वाया जाऊ शकते, हा या प्रयोगाचा रोकडा अर्थ, आणि औषधांवर घरदार गहाण टाकणाऱ्या आपल्या समाजाला तो केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

आता संमतिपत्राकडे वळू. हृदयशूलाच्या रुग्णांना ॲस्पिरिन आणि सल्फिनपायराझोन यांचा कितपत उपयोग होतो हे पाहण्यासाठी कॅनडातील तीन केंद्रांत एक चाचणी घेण्यात आली होती. दोन केंद्रांच्या संमतिपत्रात पोटाच्या संभाव्य त्रासाचा उल्लेख होता, तिसऱ्याच्या नव्हता. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की, पोटाच्या किरकोळ तक्रारींमुळे चाचणी सोडून जाणाऱ्यांची संख्या हा मजकूर असलेल्या केंद्रांत सहापट होती. उलट अल्सर आणि रक्तस्राव, म्हणजे ज्यांच्यासाठी इशारा द्यावयाचा ते खरे धोके, मजकूर असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत सारख्याच प्रमाणात आढळले. त्या मजकुराने कोणाचा अल्सर टळला नाही, पण अनेकांचा उपचार मात्र सुटला. इटलीत ९६ पुरुषांना ॲटिनोलोल हे हृदयरोगावरचे औषध देऊन केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निकाल याच दिशेचा आहे : ज्यांना औषधाचे नावही सांगितले नव्हते त्यांच्यापैकी सुमारे ३ टक्क्यांनी, केवळ नाव सांगितलेल्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांनी, आणि त्याने कामशक्ती मंदावू शकते हेही सांगितलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी तशी तक्रार केली, आणि पुढे त्या तक्रारीवर खरी गोळी आणि पोकळ गोळी जवळजवळ सारख्याच लागू पडल्या.

इशारे केवळ दवाखान्यातूनच बाहेर पडतात असेही नाही, आणि येथे वृत्तपत्रात लिहिणाऱ्याने स्वतःच्या व्यवसायाकडेही निर्भीडपणे पाहिले पाहिजे. न्यूझीलंडमध्ये थायरॉइडच्या विकारावरील एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोळीचे उत्पादन २००७ साली कॅनडातून जर्मनीत हलविण्यात आले; गोळीतले मुख्य औषध तेच राहिले, फक्त तिचा पिवळा रंग जाऊन ती पांढरी झाली आणि तिची घडण थोडी बदलली. आधीच्या तीस वर्षांत जिच्याविषयी सरकारदप्तरी अवघ्या १४ तक्रारी दाखल होत्या, तिच्याविषयी पुढच्या दीड वर्षात १४०० हून अधिक आल्या. आणि ज्या भागांत वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने हा विषय जास्त लावून धरला होता त्या भागांतून त्या जास्त आल्या. करोनाच्या लशींचा अनुभवही लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या लशींच्या १२ चाचण्यांतील ४५ हजारांवर व्यक्तींची माहिती एकत्र करून २०२२ साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखविले की, लशीऐवजी केवळ निरुपद्रवी द्रव टोचलेल्यांपैकीही ३५ टक्के लोकांनी पहिल्या मात्रेनंतर डोकेदुखी, थकवा अशी लक्षणे नोंदविली होती, आणि खरी लस घेतलेल्यांनी पहिल्या मात्रेनंतर सांगितलेल्या अशा लक्षणांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लक्षणांचा उलगडा लशीतल्या द्रव्याविनाच होत होता. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या मजकुराने, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘आमच्या शेजाऱ्यांना याच गोळीने काय झाले ठाऊक आहे का’ अशी प्रस्तावना करणाऱ्या स्नेह्यांनी, या हिशेबात किती भर घातली असेल याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या घरावरून करावा.

इतके ऐकल्यावर एखादा अनुभवी डॉक्टर म्हणेल, आणि मनातून पुष्कळ जण म्हणतातही, की मग रोग्याला काहीच सांगू नये हे उत्तम. जुने वैद्य कोठे सांगत होते? हा निष्कर्ष मला सर्वस्वी अमान्य आहे. शरीर रोग्याचे, जोखीम त्याची, आणि बहुतेक वेळा पैसाही त्याचाच. तेव्हा त्याच्या अपरोक्ष त्याचे हित ठरविण्याचा मक्ता कोणालाही देता येणार नाही. शिवाय दडविलेली गोष्ट आज ना उद्या मोबाइलच्या पडद्यावर त्याला सापडते, आणि डॉक्टरवरचा इतबार उडाल्यानंतर पुढे येणारी धास्ती आधीच्या धास्तीहून अधिक जहरी असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली संमतीसंबंधी दिलेल्या एका महत्त्वाच्या निर्णयात हा तोल नीट सांभाळलेला आहे : उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, त्यातील लक्षणीय धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रोग्याला सांगितलेच पाहिजेत, मात्र दूरान्वयाचे, केवळ तात्त्विक असे धोके सांगून त्याला भयभीत वा संभ्रमित करण्याचे आणि त्यापायी आवश्यक उपचारासच त्याने नकार देण्याचे कारण नाही. आपल्याकडील छापील संमतिपत्रे या निर्णयाच्या नेमकी उलट चालतात. लक्षणीय धोका कोणता आणि लाखात एखादा कोणता याचा विवेक न करता ती सर्व काही एका ओळीत, वाण्याच्या यादीप्रमाणे, मांडतात. कारण त्यांचा खरा हेतू रोग्याला शहाणे करणे हा नसून उद्या दावा लागलाच तर दप्तरात सहीचा कागद असावा हा असतो.

सत्य सांगूनही धीर कसा देता येतो याचा नमुना आपल्याच देशातील सर्पदंशाच्या उपचारपद्धतीत आहे, हे थोड्यांना ठाऊक असेल. आपल्या राष्ट्रीय उपचारसंहितेने दंश झालेल्या माणसासाठी जे प्रथमोपचार घालून दिले आहेत त्यांत पहिली पायरी कोणत्याही मुळीची वा आवळपट्टीची नाही. पहिली पायरी त्याला धीर देण्याची आहे, आणि तो धीर कोरडा नाही. सुमारे ७० टक्के सर्पदंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी सापाच्या दंशांपैकीही निम्म्यांतच विष शरीरात उतरते, हे त्याला सांगावे, असे ती संहिता म्हणते. आणि लागलीच पुढे बजावते की, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, विनाविलंब रुग्णालय गाठावे आणि वाटेत दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगावीत. ज्या माणसाला घाम फुटला आहे, ज्याच्या छातीत धडधडते आहे, ज्याची शुद्ध हरपू पाहते आहे, त्याच्या या लक्षणांपैकी विषाची किती आणि भयाची किती हे शेतात उभे राहून कोणालाच कळणार नाही. म्हणून भय कमी करणारी गोष्ट सांगावयाची, ती खरी असलेलीच सांगावयाची, आणि तिच्या जोरावर उपचारात मात्र कसूर करावयाची नाही. सापाच्या बाबतीत जी तजवीज आपण लेखी नियमाने केली ती रक्तदाबाच्या गोळीच्या, भुलीच्या इंजेक्शनाच्या आणि कर्करोगावरील औषधांच्या बाबतीत का करू नये?

अशी तजवीज करता येते याला पुरावाही आहे. कॅनडात फ्लूची लस देताना काहींना त्रास होणाऱ्यांचे प्रमाण सांगितले आणि काहींना त्रास न होणाऱ्यांचे. आकडा एकच, सत्य एकच, तरी दुसऱ्या रीतीने ऐकलेल्यांना त्रास कमी झाला आणि त्यांची कामावरील गैरहजेरीही कमी भरली. बोस्टनमध्ये १४० गर्भवती स्त्रियांना पाठीत भूल देण्यापूर्वी जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देताना, काहींना ही जागा बधिर होईल आणि पुढचे काम सुखाने होईल असे सांगितले, तर काहींना मोठी मधमाशी डसल्यासारखे वाटेल, हाच सर्वांत वाईट भाग आहे, असे सांगितले. सुई तीच असून पहिल्या गटाने वेदनेला दहापैकी ३ गुण दिले आणि दुसऱ्याने ५. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ५० मुलांवरील उपचारात तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. शेंगदाण्याचा अंश हळूहळू वाढवीत देण्याच्या या उपचारात ओठ खाजणे, पोटात ढवळणे असे सौम्य त्रास होतातच. ते लपविण्याऐवजी, शरीर या पदार्थाला सरावत असल्याची ती खूण असू शकते, असे काही मुलांना व त्यांच्या पालकांना समजावून सांगितले, आणि त्या कुटुंबांत चिंता कमी राहिली, मात्रा वाढत गेली तशी मुलांची लक्षणेही कमी झाली. यांपैकी कोठेही कोणी खोटे बोललेले नाही. खरे काय ते सांगण्यापूर्वी ते कसे सांगावे याचा विचार मात्र सर्वांनी केलेला आहे.

एका दुरुपयोगाची सूचना मात्र देऊन ठेवली पाहिजे, कारण हे ज्ञान आळशी माणसाच्या हाती पडले तर त्याचे शस्त्र व्हायला वेळ लागणार नाही. रोग्याने तक्रार केली की ‘तुमच्या मनाचे आहे’ असे म्हणून त्याला बाहेरची वाट दाखविणे हे नोसीबोच्या नावाखाली मुळीच क्षम्य नाही. स्टॅटिनच्या १९ चाचण्यांतील सुमारे १ लाख २४ हजार लोकांची माहिती तपासून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली असा निष्कर्ष काढला की, औषध घेणाऱ्यांच्या पहिल्या वर्षातील स्नायूंच्या दर पंधरा तक्रारींमागे सुमारे एकच त्या औषधामुळे झालेली असते; परंतु ती एक असते, आणि क्वचित स्नायूंचा खरोखर नाश होऊन मूत्रपिंडांवर संकट येते हेही खरे आहे. ती एक कोणती हे रोग्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी त्याचे ऐकून घ्यावे लागते, रक्त तपासावे लागते, प्रसंगी औषध काही काळ थांबवून पाहावे लागते. शिवाय धास्तीने झालेली वेदना ही वेदनाच असते. ज्याला ती होते त्याला तिचे कारण कळल्याने उतार पडू शकतो, पण ती झालीच नाही असे सुनावल्याने अपमानापलीकडे काही पदरात पडत नाही.

तेव्हा करावयाचे ते अवघड असले तरी अस्पष्ट नाही. रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी संमतिपत्रे वकिलाच्या सोयीने न लिहिता रोग्याच्या आकलनाने, मराठीत, वारंवार घडणारे आणि क्वचित घडणारे यांची फारकत करून लिहावीत, आणि ती सहीसाठी देण्यापूर्वी समजावून सांगण्याचा वेळ हा उपचाराचाच वेळ म्हणून धरावा. डॉक्टरांनी उपद्रव सांगताना तो न होणाऱ्यांची संख्या आधी सांगावी, झाल्यास काय करावयाचे तेही त्याच दमात सांगावे, आणि कोणते लक्षण दिसताच मध्यरात्रीही रुग्णालय गाठावे हे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. संपादकांनी औषधाविषयीची बातमी छापताना किती जणांनी ते घेतले आणि त्यांतील किती जणांना बाधा झाली, हे दोन्ही आकडे मिळाल्याखेरीज मथळा बांधू नये. आणि वाचकांना विनंती अशी की, एखादी गोळी सोसत नाही असे वाटले तर ती आपल्या मनाने बंद करू नये किंवा मुकाट्याने सोसतही राहू नये. डॉक्टरांकडे जाऊन, हा त्रास या औषधाने शंभरात किती जणांना होतो आणि माझा त्रास त्याचाच आहे हे कसे ठरवावयाचे, असे स्पष्ट विचारावे. ज्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही, त्याचे औषध घेण्यास हरकत नाही.